चेअरमनचा चार्जर

आमच्या घरात, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या दाराच्या वर, एक लाकडी फळी होती. पोरांनी हात लावायचा नाही अशा वस्तू त्या फळीवर राहत. उंदराचं औषध, दाढीची ब्लेडं, कुणाच्या तरी लग्नात आलेली आणि कधीच न वापरलेली काचेची बशी, आणि मी दहावीला होते त्या वर्षापासून चार्जर. उंदराचं औषध एकवेळ आम्हाला खाली काढू दिलं असतं, चार्जर नाही. विटेएवढा काळा डबा, वर धुरकट झाकण, आत जाड सेलांसाठी मोठ्या खाचा आणि त्यांच्या मध्ये पेन्सिल सेलांसाठी लहान खाचा. कोपऱ्यात मसुरीच्या दाण्याएवढा लाल दिवा. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी चार्जर खाली यायचा, फडक्याने पुसला जायचा, आणि लाईट असली तर दिवा लावून दाखवला जायचा. लाईट नसली तर पाहुण्याला लाईट येईपर्यंत बसवून घेतलं जायचं.

हा चार्जर चेअरमनचा, म्हणजे माझ्या धाकट्या काकांचा. काका गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, म्हणजे एकदा झाले होते. पहिली मुदत पुरी व्हायच्या आत अख्खं मंडळ बरखास्त झालं, पण तोवर गावाच्या तोंडी हाक बसली होती. सरकारनं पद काढून घेतलं, हाक कशी काढून घेणार? अण्णा, म्हणजे माझे वडील, थोरले असूनही सख्ख्या भावाला 'चेअरमन' म्हणत. माय 'चेअरमन भाऊजी' म्हणायची. काकांचं नाव विश्वनाथ होतं, हे मला त्यांच्या तेराव्याच्या पत्रिकेवर वाचताना क्षणभर परकं वाटलं. घरातलं कोर्टकचेरीचं, अर्जफाट्याचं, पाहुण्यारावळ्याचं सगळं काकांकडे होतं. अण्णांकडे शेत होतं. ही वाटणी कुणी केली नव्हती. अण्णांना बोलायचा कंटाळा होता आणि काकांना न बोलायचा, एवढ्यावर ती झाली होती.

डोंगरकडा गावाच्या आसपास तेव्हाही केळी होती, पण आमच्याकडे हळद. उन्हाळा लागायच्या सुमाराला आमच्या अंगणात हळद शिजायची. कढईवर ओली पोती अंथरलेली, खाली जाळ, आणि सगळ्या गल्लीत तो मातकट, कडवट, जरा औषधासारखा वास. पुढे वाळलेली हळकुंडं पिंपात घालून फिरवायची. त्या पिंपाची घरघर अशी की जेवताना आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलायचो. माय मात्र तेव्हाही नेहमीसारखीच बोलायची. तिच्यासाठी पिंप फिरत असणं आणि नसणं यात फरक एवढाच होता की फिरताना तिच्या तळपायाला जमीन थरथरल्यासारखी वाटे. माझ्या जन्मानंतर तिला मोठा ताप आला होता आणि तो जाताना तिचे कान घेऊन गेला. अगदीच नाही, ढगाचा गडगडाट तिला यायचा, अंगावर ओरडलं तर काहीतरी यायचं. बाकी सगळं ती तोंडाकडे बघून ओळखायची. तिच्याशी बोलताना हनुवटी वर ठेवायची आणि तोंडात घास ठेवायचा नाही, हे आम्हा लेकरांना चालायला लागायच्या आधी कळलं असावं. बाहेरच्यांना ते कळत नसे. ते तिच्याशी बोलतच नसत. तिच्याबद्दल, तिच्यासमोर, माझ्याशी किंवा काकांशी बोलत: 'हिला चहा द्या म्हणावं,' 'हिला सांगा, नंतर ये.'

माझ्या दहावीच्या वर्षी गावाला बालवाडी मंजूर झाली आणि तिला एक बाई हवी होती. सातवी पास, गावातलीच, लेकरांची आवड असलेली. माय सातवी पास होती. लेकरांचं म्हणाल तर हळदीच्या आणि निंदणीच्या दिवसांत गल्लीतल्या बाया आपापली पोरं सकाळी आमच्या अंगणात सोडून जायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. त्यांना माय उकडलेल्या तुरीच्या शेंगा खायला द्यायची आणि दाणे काढलेल्या टरफलांवर मोजायला शिकवायची. म्हणजे बालवाडी होतीच, फक्त पगार नव्हता. आणि पगाराचं काय करायचं हेही मायनं ठरवून टाकलं होतं. दहावीनंतर मला नांदेडला शिकायला पाठवायचं. अण्णा म्हणाले, "चेअरमनला इचार." चेअरमन म्हणाले, "पोरीच्या जातीला नांदेड काहून लागतं?" मायनं काकांच्या तोंडाकडे बघून ते वाचलं आणि म्हणाली, "माझ्या पगारात जाईल ती, भाऊजी. तुमी फकस्त अर्ज भरून द्या." त्या अर्जावर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं असं आज म्हटलं तर नाटकी वाटेल. पण होतं.

अडचण कानाची होती. अर्जात लिहिलं होतं की ऐकण्यात दोष असल्यास तो यंत्रानं भरून निघालेला असावा. त्यासाठी काकांनी मायचं नाव एका शिबिरात घातलं. श्रवणयंत्रांच्या वाटपाचं शिबिर. मंडप, कमान, हार, लाऊडस्पीकर, आणि बहिऱ्या माणसांसमोर झालेली लांबलचक भाषणं. मी आयुष्यात पुष्कळ समारंभ पाहिले, बऱ्याच ठिकाणी पहिल्या रांगेत बसायची शिक्षाही भोगली, पण श्रोत्यांच्या इतक्या सोयीचा समारंभ दुसरा पाहिला नाही. शेवटी पाहुण्यांनी एकेकाच्या गळ्यात यंत्राची पिशवी अडकवली. आगपेटीहून थोडी मोठी डबी, तिला वायर, वायरच्या टोकाला कानात घालायचं बोंड. मायच्या कानात बोंड घालून पाहुणे फोटोसाठी वळले आणि माईकवर म्हणाले, "काय ताई, येतं का ऐकू?" माय लगेच म्हणाली, "येतं की, छान येतं." टाळ्या झाल्या. फोटो निघाला. खाली आल्यावर एका माणसानं प्रत्येकाच्या हातावर एकेक पेन्सिल सेल ठेवला आणि सांगितलं, हा घाला, मग चालू होईल.

मी मायकडे बघितलं. माय म्हणाली, "तोंड समोर होतं त्याचं. मिशी बी न्हाई. सोपा होता."

घरी येऊन सेल घातला आणि मग खरोखर चालू झालं. ती संध्याकाळ मला आजही नीट आठवते. माय चुलीपुढे बसली होती, परातीत पीठ मळलेलं. तिनं पहिली भाकरी थापायला घेतली आणि हात थांबवला. परत थापली. परत थांबली. मला वाटलं यंत्र चावलं की काय. ती म्हणाली, "शाले, हिला आवाज असतो हे मी इसरलेच होते गं." त्या दिवशी आमच्याकडे घरच्या माणसांना पुरून उरतील एवढ्या भाकरी झाल्या. येसराची आमटी आटून गेली तरी माय थापतच होती. अण्णांनी एक भाकरी जास्त खाल्ली. काका जेवताना नेहमीप्रमाणे शिबिर कुणामुळे झालं ते सांगत होते. माय थोडा वेळ ऐकत राहिली, मग माझ्याकडे झुकून विचारलं, "एवढं बोलतेत हे? रोज?" आणि डबीवरचं चाक अंगठ्यानं हळूच मागे फिरवलं. ऐकू येण्याची सगळ्यात मोठी सोय कोणती हे तिला पहिल्याच दिवशी सापडलं होतं.

पण सेल तो सेल. काही दिवसांत आवाज बारीक झाला, मग खरखर, मग काहीच नाही. शिबिरानं यंत्र दिलं होतं. सेलाचं भाषणात काही नव्हतं. गावात जाड सेल मिळायचे, बॅटरीचे, कारण रात्री पाणी द्यायला शेतात जाणाऱ्या प्रत्येकाला ते लागत. पेन्सिल सेलासाठी आखाडा बाळापूरच्या बाजाराची वाट बघावी लागे, आणि बाजाराला जाणार काका. ते कधी आणत, कधी विसरत. मायचा सेल विसरला तर काकांना काही ऐकू यायचं कमी होत नव्हतं.

इथे मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि हाच धडा दर वर्षी माझ्या वाट्याला आला. पेन्सिल सेल म्हणजे कोरडा घट. तो कोरडा नसतो, आत ओलसर लगदा असतो, एवढंच की सांडत नाही. त्याचं बाहेरचं भांडं जस्ताचं, मध्ये कार्बनची कांडी. वीज हवी असली की ते जस्त हळूहळू झिजत जातं. म्हणजे सेल स्वतःचं भांडंच खाऊन वीज देतो, आणि खाल्लेलं भांडं परत उगवत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी वेगळी. तिच्यात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल. वीज काढून घेतली की पट्ट्या बदलतात, उलटी वीज दिली की पूर्ववत होतात. निकेल-कॅडमिअमचे सेलही तसेच, परत भरता येणारे. दिसायला ते कोरड्या सेलासारखेच, त्याच मापाचे, त्याच खाचेत बसणारे. सगळा घोटाळा इथे आहे. पोरं विचारायची, बाई, मग साधा सेल चार्जरमध्ये ठेवला तर काय होईल? मी उत्तर द्यायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायची सवय मला लागली होती, असं माझी एक विद्यार्थिनी मला हल्लीच म्हणाली. या धड्यातून माणसांविषयीही काही बोध निघतो असं आमचे मुख्याध्यापक समजत आणि परिपाठात सांगतही. मला नाही तसं वाटलं कधी. जस्त ते जस्त, माणूस तो माणूस.

तर चार्जर. बाळापूरला रशीदभाईंचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांचा पुतण्या आखातात काही वर्षं काढून परत आला होता. त्यानं आणलेल्या सामानातला हा चार्जर काकांनी हट्टानं घेतला. त्याच्यासोबत जाड सेल होते, चार्ज होणारे, हिरव्या रंगाचे, हातात घेतले की जड. ते काकांच्या बॅटरीत गेले आणि काका रात्री बांधावर निघाले की अख्ख्या शिवाराला कळायचं. ते सेल खरोखर परत परत भरत होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण चार्जर चांगला होता, सेल चांगले होते, रशीदभाईंनी काही फसवलं नव्हतं. दुःख एवढंच की लहान खाचा रिकाम्या होत्या, आणि रिकामी जागा काकांना कधी सोसली नाही.

एक दिवस त्यांनी मायचा मेलेला पेन्सिल सेल त्या खाचेत ठेवला. लाल दिवा लागला.

"बघ वहिनी," काका तोंड मोठं करून म्हणाले, "भरून राहिला. आता बाजाराची गरज न्हाई."

"साधा सेल हाय तो, भाऊजी. हिरवा न्हाई."

"रंगावर काय असतंय? दिवा लागला का न्हाई?"

"दिवा तर लागला."

"मग? विज्ञान हाय हे."

अण्णा दारात विळ्याला धार लावत होते. ते खाली मान घालून म्हणाले, "चेअरमन म्हणतो तर असंल."

पुढे मला कळलं की तो दिवा कशानंही लागला असता. खाचेत सेल बसला आणि दोन्ही टोकं जुळली की लागायचा. आत काय होतंय याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. अशा दिव्यांची पुढे मला पुष्कळ ओळख झाली. पण तेव्हा घरादारानं त्या दिव्यावर विश्वास ठेवला, कारण दुर्दैवानं तो सेल चालला. मेलेला साधा सेल उलटी वीज दिली की कधीकधी थोडा वेळ उठून बसतो. मायच्या कानात परत आवाज आला. तासाभरात गेला. काका म्हणाले, कमी वेळ ठेवला होता. जास्त वेळ ठेवला. पुन्हा आला, पुन्हा गेला. सेल हाताला गरम लागे, बुडाशी जरा फुगल्यासारखा. काका म्हणाले, भरलाय म्हणून फुगलाय.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मायनं कुणालाही न विचारता एक गोष्ट केली. शेजारच्या बाईला बाजारातून नवा पेन्सिल सेल आणायला सांगितला. तो कागदात गुंडाळून तिनं पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि मला दाखवून ठेवला. "तालुक्याला जायच्या दिवशी हा घालायचा. त्येच्या आधी न्हाई." मुलाखतीच्या सकाळी आम्ही लवकर उठलो. मायनं धपाटे केले, वाटेत खायला. नवं लुगडं नेसली. डब्यामागे हात घातला तर कागद होता, सेल नव्हता.

पुढच्या खोलीत काकांचं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. गावातलं पहिलं किल्लीशिवायचं घड्याळ, हेही रशीदभाईंच्या पुतण्याच्याच सामानातलं. काही दिवस बंद होतं. आता चालू होतं. त्यालाही पेन्सिल सेलच लागायचा.

"काका, तो मायचा सेल होता," मी म्हणाले.

"मायचा सेल हा काय इथं, चार्जरमदी. रातभर भरला." काकांनी फळीवरून चार्जर काढला, गरम सेल मायच्या डबीत घातला, झाकण लावलं. "घड्याळाला चार्ज केलेला चालत न्हाई, मागं पडतं. कानाला चालतो. तकलीफ काय हाय तुला? नव्याचं नवं जिथं लागतं तिथं लावलं."

मी घड्याळाकडे स्टूल ओढलं. अण्णा म्हणाले, "शाले, एस्टी जाईल." हे खरं होतं. आमच्या गावातून सकाळची एकच एस्टी तालुक्याला वेळेत पोचवायची. काका टोपी घालून आधीच बाहेर उभे होते. कचेरीचं काम म्हणजे त्यांचंच काम. मायनं डबीचं चाक फिरवून बघितलं, आवाज आला. तिनं माझा हात धरला आणि निघाली. ते घड्याळ मी आजही कधीकधी मनात खाली काढते.

कचेरीत बाहेर बाकावर पुष्कळ बाया होत्या. मायचं नाव यायला दुपार झाली. सोबत म्हणून मला आत येऊ दिलं. काका दारात उभे राहिले. टेबलामागे एक साहेब आणि एक पर्यवेक्षिका बाई होत्या. माय खुर्चीत बसली, हात डबीवर गेला, अंगठ्यानं चाक पुढे फिरवलं. अजून पुढे. शेवटपर्यंत. मग तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात मांडीवर ठेवला. मला समजलं. यंत्र बंद होतं.

आणि मग जे झालं ते मी त्यानंतर अनेकदा मनात उलगडून पाहिलं आहे. साहेबांनी वायर बघितली, आणि मशीनशी बोलायचं म्हणून ते पुढे वाकले, मान वर केली, एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं म्हणाले. पर्यवेक्षिका बाईही तशाच. मायच्या आयुष्यात परक्या माणसांनी तिच्याकडे तोंड करून, सावकाश, सरळ तिलाच विचारण्याची ही बहुधा पहिलीच वेळ होती.

"एखादं मूल रडायला लागलं तर काय कराल?"

"आधी काहून रडतंय ते बघीन. भुकेचं रडणं वेगळं, दुखण्याचं वेगळं, आन् मायची याद आली म्हणून रडणं वेगळं. तोंड तीन तऱ्हेचं व्हतं."

बाई हसल्या. त्यांनी अंक कसे शिकवाल ते विचारलं, मायनं तुरीच्या टरफलांचं सांगितलं. गोष्ट सांगा म्हणाल्या, तिनं कोल्ह्याची आणि केळीच्या घडाची सांगितली. ती गोष्ट तिनंच रचलेली होती, आमच्या अंगणातली पोरं ती रोज मागायची. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि दाराकडे बघून, जरा खुशीतच, काकांना म्हणाले, "मशीन चांगली चालते हो यांची."

तिथेच संपायला हवं होतं. एक 'हो साहेब' पुरलं असतं. पण काकांची स्तुती कुणी केली आणि ते गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं. आणि ही स्तुती त्यांना आपलीच वाटली.

"मशीनचं काय घेऊन बसलात साहेब," ते आत येत म्हणाले, "सेल बघा. नवा न्हाई तो. मी चार्ज केलेला हाय. घरी चार्जर हाय आपला."

"पेन्सिल सेल चार्ज होतो?" साहेबांना खरंच कुतूहल वाटलं असावं.

"दाखवतो ना."

मी काकांची बाही धरली. त्यांनी झटकली. मायच्या गळ्यातली डबी त्यांनी हातात घेतली, नखानं झाकण काढलं आणि टेबलावर उपडी केली. सेल बाहेर आला नाही. तपकिरी, चिकट काहीतरी आलं, आणि टेबलावरच्या हिरव्या कापडावर पसरत गेलं. त्याला एक तिखट वास होता. सेल आत चिकटून बसला होता, त्याच्या बुडाशी पांढरी पूड, आणि स्प्रिंग हिरवी पडलेली.

साहेबांनी डबीकडे बघितलं, मग बाईंकडे तोंड वळवलं. "म्हणजे हे बंदच होतं? यांना काही ऐकूच येत नव्हतं?"

माय त्यांच्या गालाकडे बघत होती. तिला शब्द दिसत नव्हते. पण काय चाललंय ते तिला कळायला शब्दांची गरज नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "बंद मशीन पडली. मी न्हाई. माझ्याकडं बघून बोला."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खाली कागदाकडे बघून, काकांना उद्देशून म्हटलं, "उद्या एखादं पोर मागून हाक मारेल. विहिरीकडे जाईल. जबाबदारी कुणाची? नियमात यंत्रानं ऐकू येणं लिहिलंय." यातलं मागून हाक मारण्याचं खरं होतं, हे मी आज कबूल करते. पण तिनं दिलेली सगळी उत्तरंही खरी होती, आणि ती देताना तिला काहीएक ऐकू येत नव्हतं, याचं काय करायचं हे नियमात नव्हतं. पर्यवेक्षिका बाई काहीतरी म्हणू बघत होत्या. त्यांच्या आधी काका म्हणाले,

"बराबर हाय साहेब."

परतीच्या एस्टीत काका वाटभर बोलत होते. सेलाची कंपनीच हलकी होती, हल्ली माल खराब येतो, हिरव्या सेलांना बघा कधी पाणी सुटलं का. माय खिडकीबाहेर बघत बसली होती. काकांनी तिचा खांदा हलवला, तरी तिनं तोंड वळवलं नाही. त्या दिवसापासून पुढे कितीतरी महिने तिनं काकांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्यांना वाढायची, चहा द्यायची, पण नजर ताटावर. बहिऱ्या माणसाला एवढं पुरतं. काका तिच्यासमोर उभे राहून आपली बाजू मांडत, आणि त्यांचा आवाज जिथून निघायचा तिथेच संपायचा. धपाटे तसेच घरी आले. अण्णांनी ते संध्याकाळी खाल्ले, आणि जेवणं झाल्यावर स्टुलावर चढून त्यांनी घड्याळातला सेल काढला. आयुष्यात त्यांनी भावाविरुद्ध केलेलं एवढं एकच काम मला माहीत आहे, आणि तेही त्यांनी उशिरा केलं. तो सेल त्यांनी मायच्या हातावर ठेवला. घालायचा कशात? मी पत्र्याच्या तुकड्यानं डबीतलं जस्त खरवडत बसले होते, तर स्प्रिंग तुटून हातात आली.

बालवाडी दुसऱ्या एका बाईला मिळाली. ती चांगली होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गल्लीतली पोरं सकाळी तिच्याकडे आणि दुपारपासून आमच्या अंगणात यायची. मी दहावी पास होऊन वर्षभर घरी राहिले. हळद शिजवली, पिंप फिरवलं. मैत्रिणी नांदेडहून सुटीत येत तेव्हा मी परसात काम काढून बसायची. चार्जर फळीवर होताच. पाहुणे आले की काका तो दाखवत, आणि पाहुणा कुणीही असो, लाल दिवा लागायचा.

आता माझ्याही कानात यंत्र आहे. वयाचं आहे, तापाचं नाही. आधीचं होतं त्यात बटणाएवढे सेल लागत, वर चिकटवलेला कागद काढला की हवा आत जाते आणि सेल कामाला लागतो. मग तुम्ही ऐका नाहीतर झोपा, तो संपतच जातो. कागद परत चिकटवून काही उपयोग नाही, मी करून पाहिलं. लेकानं हल्ली चार्जचं यंत्र आणून दिलंय, डबीत ठेवलं की भरतं. त्यालाही छोटा दिवा आहे, हिरवा. मी सकाळी यंत्र कानात घातल्यावर आधी भांडं वाजवून बघते. लेक म्हणतो, आई, दिवा लागलाय ना, मग? मी भांडं परत एकदा वाजवते.

दुसऱ्या वर्षी नांदेडला मुलींचं एक नवं वसतिगृह निघाल्याचं कळलं. फी नव्हती, धान्य घरून द्यायचं. अण्णा ज्वारीचं पोतं द्यायला तयार झाले आणि सवयीनं म्हणाले, "चेअरमनला घेऊन जा." माय म्हणाली, "न्हाई. आमी दोघी जातो." तिनं पेटीतून ती डबी काढली. तुटक्या स्प्रिंगची, आत काही नसलेली. मी खरवडून पुसल्यावर ती निदान स्वच्छ होती. मायनं पिशवी गळ्यात अडकवली, बोंड कानात घातलं, आरशात बघून वायर पदराच्या वर, दिसेल अशी ओढून घेतली.

"माय, ती चालत न्हाई," मी म्हणाले.

"मला म्हाईत हाय. त्यांना न्हाई."

वसतिगृहाच्या अधीक्षक बाई कागद चाळत होत्या. त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे बघून. मग त्यांना वायर दिसली. त्यांनी कागद बाजूला ठेवले, चष्मा सारखा केला, पुढे वाकल्या आणि मायच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द मोठ्यानं, सुटा करून विचारलं, "पालक म्हणून सही तुम्हीच करणार ना? महिन्याच्या बैठकीला यावं लागेल. मशीननं नीट ऐकू येतं ना?"

"येतं तर," माय म्हणाली. "सेल नवाच हाय."

आणि सहीसाठी हात पुढे केला.